पवनार आलं

परवा माझी एक ओळ हरवली. पडद्याच्या तळाकडून तिसरी होती. तिच्यात दुसऱ्या पानाचा हवाला होता, म्हणून कर्सर तिच्यावर नेला, कळ दाबली, त्या पानावर गेले, हवं ते वाचलं आणि मागं फिरायची कळ दाबून परत आले. आले ती भलत्याच घरात. तळाशी ओळखीचं काहीच नाही. वाटलं, चुकीचं पान उघडलं. मग नजर वर गेली तेव्हा ओळ सापडली. पडद्याच्या बरोबर मधोमध होती आणि कर्सर त्याच शब्दावर लुकलुकत होता, झालं काहीच नाही असा.

मी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. ज्या एडिटरमध्ये लिहिते, त्याचीच मदतीची पानंही त्याच्याच खिडकीत उघडून वाचते. त्या रात्री एका हवाल्यावरून दुसऱ्यावर असा सहा-सात वेळा प्रवास झाला आणि दर वेळी परतल्यावर ओळ जागेवर नाही. शेवटी मी मोठ्यानं म्हणाले, "अगं थांब ना जरा!"

बाजूच्या खोलीतून आईचा आवाज आला. "कोणाशी भांडून राहिली वं?"

"ओळीशी."

"काय केलं तिनं?"

"पळून राहिली."

तोंडून शब्द गेला आणि मलाच हसू आलं. पुण्याला शिकत असताना आमच्या या 'करून राहिलो', 'जाऊन राहिली'ची मैत्रिणी फार थट्टा करायच्या. वर्ध्या-नागपूरकडे चालू क्रिया अशीच बोलतात. पण पडद्यावरच्या त्या ओळीला याहून नेमकं क्रियापद मला प्रमाण मराठीत सापडत नाही. ती पळते आणि राहतेही. फाईलमध्ये तिचा क्रमांक बदललेला नसतो, काना-मात्रेनंही ती हललेली नसते, आणि तरी माझ्या डोळ्यांदेखत ती तळमजल्यावरून माडीवर गेलेली असते.

याचं कारण शोधलं तेव्हा ते अगदी साधं निघालं. एडिटरनं माझी खूण ठेवली होती, पण अर्धीच. मी वापरते त्या ईमॅक्स नावाच्या जुन्या एडिटरमध्ये मदतीची पुस्तकं वाचायची 'इन्फो' म्हणून सोय आहे. तुम्ही कुठून कुठं गेलात याची ती यादी ठेवते. यादीत तीन गोष्टी असतात: पुस्तक कुठलं, प्रकरण कुठलं, आणि कर्सर कितव्या अक्षरावर होता. ओळ पडद्यावर किती उंचीवर होती, हे त्यात नसतं. म्हणजे परतल्यावर अक्षर बिनचूक सापडतं, पण त्याच्या भोवतीचा देखावा नव्यानं मांडला जातो. पडद्यावर दिसत नसेल अशा जागी कर्सर न्यायचा झाला, तर ईमॅक्सचा मूळ रिवाज ती ओळ खिडकीच्या मध्यावर आणून ठेवायचा. विम हा दुसरा एडिटर. तिथंही उडी लांबची असेल तर ओळ मध्यावरच येते. पाहुणा आला की मधल्या खोलीत बसवायचा, तशी ही पद्धत. गैर काही नाही. फक्त मी पाहुणी नव्हते, दोन मिनिटांपूर्वीच उठून गेले होते.

या मध्यावर आणून ठेवण्यामागं जुन्या काळाची गरिबीही असावी असं मला वाटतं. विमचा पूर्वज 'व्हीआय' बिल जॉयनं 1976 च्या सुमारास लिहिला, तेव्हा तो घरून 300 बॉडच्या मोडेमवर काम करत होता. म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरं. चोवीस ओळी आणि ऐंशी रकान्यांचा पडदा भरगच्च भरायचा तर मिनिटभर बसून राहायचं. पुष्कळ टर्मिनलांना मजकूर ओळभर वर ढकलता येई, खाली ढकलता येत नसे. अशा वेळी ओळीओळीनं सरकण्यापेक्षा एकदाच मोठी उडी मारून पुढची-मागची मोकळी जागा मिळवणं शहाणपणाचं. हिशेब त्या मिनिटाचा होता. मिनिट गेलं, हिशेब राहिला.

एक गोष्ट मात्र त्या मंडळींनी फार समजून केली आहे. पानभर पुढं जायची कळ दाबली की ईमॅक्स आणि विम दोघंही आधीच्या पडद्यातल्या दोन ओळी नव्या पडद्यावर तशाच ठेवतात. ईमॅक्समध्ये हा आकडा बदलता येतो, पण मुळात दोनच. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला आमच्या घरचं श्रावणातलं पोथीवाचन आठवलं. आजी काल जिथं थांबली होती तिथून आज सुरू करत नसे. कालच्या शेवटच्या दोन ओव्या आधी म्हणायची, मग पुढं. मी विचारलं होतं, काल वाचलंय ना हे? ती म्हणाली, "तू रोज घरातून निघताना पायात चप्पल घालते का नाही? काल घातली होती म्हणून सोडते का?" हे उत्तर प्रश्नाला लागू पडतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण दोन ओव्यांचा आधार घेऊन पुढं पाऊल टाकायचं हे तिला कुठल्या संगणकवाल्यानं सांगितलं नव्हतं.

त्या पोथीची पानं सुटी होती. लांबट, आडवी, दोन पाट्यांमध्ये ठेवून वर तांबडं फडकं बांधलेलं. वाचलेलं पान उलटून पालथं बाजूला ठेवायचं. आजीला ओवीचा क्रमांक कधीच आठवत नसे. ती सांगायची, "उजव्या अंगाला, तेलाच्या डागाच्या खाली." आणि तिथंच ती ओवी असायची. मला वाटे ही तिचीच काहीतरी सिद्धी आहे. पुढं वाचनात आलं की 1971 साली अर्न्स्ट रॉथकॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हेच तपासलं होतं. लोकांना मजकूर वाचायला दिला, आणि नंतर न सांगता विचारलं की अमुक गोष्ट पानावर कुठं होती. लक्षात ठेवा असं कुणाला सांगितलेलं नव्हतं, तरी निव्वळ अंदाजानं जमलं असतं त्याहून चांगलं लोकांना सांगता आलं. आपण अर्थ वाचतो तेव्हा जागाही वाचत असतो. परीक्षेच्या पेपरात उत्तर आठवत नाही, पण डाव्या पानावर खाली चौकटीत होतं हे मात्र लख्ख आठवतं, हा छळ सगळ्यांनी सोसलाय.

पडद्यावर डाग पडत नाहीत. म्हणजे पडतात, पण ते काचेवर राहतात, मजकुराबरोबर जात नाहीत. माझ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात चहाचा एक वाळका शिंतोडा बरेच दिवस होता आणि मी नकळत त्याची खूण धरायला लागले होते: शिंतोड्याच्या खालची ओळ. ओळ सरकायची, शिंतोडा तिथंच. आजी हसली असती.

आता वर आणि खालीची गोष्ट. आईचा आणि माझा यावरून नेहमी वाद होतो. नातीचा लांबलचक निरोप मी तिला फोनवर वाचून दाखवत असते. ती म्हणते, "थोडं वर कर." मी मजकूर वर ढकलते. ती चिडते, "अगं वर कर म्हटलं, खाली काहून नेते?" तिला वरचा भाग पाहायचा असतो. मला वाटतं मजकूर वर न्यायचाय. दोघी बरोबर आणि दोघींचा हात उलट्या दिशेला.

हा घोळ फक्त आमच्या घरचा असता तर सोडून दिला असता. पण ईमॅक्समध्ये पान पुढं नेण्याच्या आज्ञेचं नाव आहे 'स्क्रोल-अप', म्हणजे वर सरकव. पुढचं वाचायला आपण खाली जातो असं आपल्याला वाटतं, आणि आज्ञा म्हणते वर. कारण ईमॅक्सच्या लेखी खिडकी स्थिर आहे आणि मजकूर वर चाललाय. विमच्या मदतीच्या पानांत नेमकं उलटं लिहिलंय. तिथं मजकूर स्थिर आणि खिडकी त्याच्यावरून खाली उतरते, म्हणून तीच हालचाल तिथं 'खाली सरकणं' ठरते. दोन्ही एडिटर आज पन्नाशीकडे आलेल्या परंपरेतले, दोघांचे भक्त एकमेकांची तोंडं पाहत नाहीत, आणि डोळ्यांना दिसणारं दृश्य दोन्हीकडं एकच. 2011 मध्ये अ‍ॅपलनं मॅकवर बोटाची दिशा मुळातच उलटी केली आणि तिला 'नैसर्गिक' असं नाव दिलं. कितीतरी लोकांनी पहिल्याच दिवशी ते नैसर्गिक बंद करून टाकलं.

मी मराठी माणूस या भांडणात कुठल्या बाजूला, हे मला एसटीत कळलं. नागपूरहून येत होते. बुटीबोरी मागं पडलं, सेलू गेलं. गेलं कुठं? सेलू होतं तिथंच आहे, गेले ते मी. पण आपण म्हणतो सेलू गेलं. मग कंडक्टरनं हाळी दिली, "पवनारवाले, चला, पवनार आलं." आणि आम्ही चार-पाच जण पिशव्या सावरत उठलो, कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गाव आमच्याकडं चालत आलं होतं. खिडकी स्थिर, मजकूर चालता. म्हणजे आपला कंडक्टर ईमॅक्सवाला. आणि आई विमची. तिला हे सांगितलं तर तिनं विचारलं, "विम म्हणजे ते भांड्याचं?"

हे गावही असं आहे की इथं कोण चाललं आणि कोण थांबलं हा प्रश्न सुटत नाही. वर्ध्याहून आठ-दहा किलोमीटर, धाम नदीच्या काठी. नदीपलीकडचं म्हणून विनोबा भाव्यांच्या आश्रमाचं नाव परंधाम. विनोबा इथं 1938 साली तब्येत पार खालावलेली असताना आले. 17 ऑक्टोबर 1940 ला वैयक्तिक सत्याग्रहाचं पहिलं भाषण त्यांनी इथंच केलं. 1951 मध्ये चालत निघाले, तेलंगणात पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली, आणि पुढची तेरा वर्षं हा माणूस गावामागून गाव चालतच होता. 1964 मध्ये पवनारला परतले. मग 1970 साली क्षेत्रसंन्यास घेतला. आता जागा सोडायची नाही. तेव्हापासून 1982 पर्यंत ज्याला भेटायचं तो पवनारला येई. पंतप्रधान आले, खेड्यातली माणसं आली, पत्रकार आले. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहिलेली रांग मला अंधुक आठवते. आधी तेरा वर्षं खिडकी चालली, मग बारा वर्षं मजकूर. हे मी आश्रमातल्या एका मावशींना बोलून दाखवलं असतं, पण त्या सूत कातत होत्या आणि माझी हिंमत झाली नाही.

गोपुरीला गीताई मंदिर आहे, ते मात्र मी या ओळीच्या भांडणानंतर मुद्दाम जाऊन पाहिलं. पूर्वी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं नव्हतं. त्याला छप्पर नाही, मूर्ती नाही. उभ्या दगडी शिळा एकीला लागून एक, आणि त्यांच्यावर गीताईचे, विनोबांच्या मराठी गीतेचे, अठराही अध्याय कोरलेले. सगळ्या शिळांची मिळून वरून गाय आणि चरख्याची आकृती होते म्हणतात; जमिनीवरून चालणाऱ्याला ती दिसत नाही. 1980 मध्ये विनोबांच्याच हस्ते ते खुलं झालं. वाचायचं असेल तर चालावं लागतं, दुसरा उपाय नाही. एका शिळेशी उभं राहायचं, संपली की पाऊल उचलायचं. मी पहिल्या अध्यायापासून चालत गेले. मधे एका शिळेवर उन्हाचा कवडसा अर्ध्या श्लोकावर थांबला होता. एक म्हातारे गृहस्थ उलट बाजूनं वाचत आले, अठराव्याकडून पहिल्याकडं, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मी त्यांना वाट दिली. परत फिरून तीच शिळा शोधली तेव्हा ती होती त्याच उंचीवर, श्लोक माझ्या डोळ्यांच्या रेषेत, त्याच जागी. आश्चर्य असं काही नव्हतं त्यात. पण मी तिथं जरा जास्तच वेळ उभी राहिले.

गीताई 1930-31 च्या चार महिन्यांत लिहून झाली, आणि धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर जी प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली. बोलणारा थांबत नाही, लिहिणाऱ्याला 'जरा मागं घ्या' म्हणायची कळ नाही. मला त्या प्रवचनांइतकंच गुरुजींच्या मनगटाचं कौतुक वाटतं.

पवनारला जमिनीखालीही वाचण्यासारखं पुष्कळ आहे. वाकाटकांचा राजा दुसरा प्रवरसेन, ज्यानं 'सेतुबंध' हे प्राकृत काव्य लिहिलं, त्याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच आपलं पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. काही संशोधक मनसरकडं बोट दाखवतात. आम्ही गावकरी साहजिकच मिराशींच्या बाजूचे. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठानं इथं उत्खनन केलं. त्या खणण्यात जितकं खाली जावं तितकं मागं. वरच्या थरात अलीकडचं गाव, त्याखाली मध्ययुग, त्याखाली सातवाहन, आणि त्याच्याही खाली सातवाहनांच्या आधीची वस्ती. पुस्तकात खाली जाणं म्हणजे पुढं जाणं. फोनवरच्या गप्पांत वर जाणं म्हणजे मागं जाणं. मातीत खाली म्हणजे मागं. तरी आम्ही सगळ्यालाच 'खाली कर' म्हणतो आणि समोरच्यानं समजून घ्यावं अशी अपेक्षा ठेवतो.

इन्फोची आणखी एक खोड सांगायची राहिली. तिथं नुसती स्पेसची कळ दाबत राहिलं तर अख्खं पुस्तक वाचून होतं. प्रकरण संपलं की तीच कळ न विचारता पुढच्या प्रकरणात नेते. खाली उपप्रकरणांची यादी असेल तर आधी त्यातल्या पहिल्यात. करणाऱ्यांचा हेतू चांगला, वाचणाऱ्याचा हात एकाच कळीवर राहावा. पण शेतातून चालताना बांध लागला तर पायाला कळतं. इथं बांधच नाही. आपण कपाशीत होतो, तुरीत कधी शिरलो पत्ताच नाही. एका दुपारी मी फाँटवरचं प्रकरण वाचत होते, दहा मिनिटांनी छापखान्याबद्दलचं काहीतरी वाचत होते आणि मधल्या वळणाची मला आठवण नव्हती.

देवनागरीनं यात आपली भर टाकली आहे, तिला मी दोष देणार नाही. इंग्रजी ओळ आणि मराठी ओळ यांची उंची बहुधा सारखी नसते. आपल्याला वर वेलांटी-अनुस्वाराला आणि खाली उकार-जोडाक्षराला जागा लागते, फाँटही वेगळा असतो. ईमॅक्स मुळात ओळींच्या हिशेबानं सरकतो. ओळी कमी-जास्त उंचीच्या असल्या की एका पडद्यावर कधी चाळीस मावतात, कधी तेहतीस, आणि सरकताना पान अडखळत, हिसके देत चालतं, बैलगाडीचं एक चाक चाकोरीत आणि एक बाहेर असल्यासारखं. आता त्यावर इलाज आलेत. 2023 मध्ये आलेल्या ईमॅक्स 29 मध्ये ओळीऐवजी ठिपक्याठिपक्यानं सरकायची सोय आहे. लांबलचक, गुंडाळलेल्या ओळींसाठी विमनंही मऊ सरकण्याचा पर्याय दिला. त्याच 2023 च्या ऑगस्टमध्ये विमचे कर्ते ब्राम मोलेनार गेले. तीस-बत्तीस वर्षं ते एकच एडिटर सांभाळत बसले होते, आणि त्याच्या मदतीच्या पानांत युगांडातल्या मुलांसाठी मदत करा अशी विनंती त्यांनी घालून ठेवली आहे. ती अजून तिथंच आहे.

ओळ हरवली तर मध्यावर, वर किंवा खाली आणून ठेवायच्याही कळा आहेत. ईमॅक्समध्ये कंट्रोल आणि एल एकत्र दाबत राहिलं की ओळ आळीपाळीनं मध्ये, वर, खाली जाते. विममध्ये झेड दोनदा दाबला की मध्ये. मी त्या शिकले. आता परत आल्यावर ओळ भलतीकडं दिसली की आपोआप बोटं जातात आणि मी तिला तिच्या उंचीवर आणून बसवते. रुसलेल्या पाहुण्याला मधल्या खोलीतून उठवून ओट्यावर आणावं, तसं.

आईला मागच्या महिन्यात टॅब आणला. गीताईचं तिचं छोटं पुस्तक झिजून झिजून अक्षरं पुसट झालीत, आणि इथं अक्षरं मोठी करता येतात. पहिल्याच दिवशी तिनं चष्मा पुसला, पदर नीट केला आणि वाचायला बसली. सवयीनं ओळीखाली बोट ठेवलं. आयुष्यभर तिनं असंच वाचलंय, बोटाखाली ओळ दाबून धरून, म्हणजे ती सुटत नाही. बोट टेकलं, जरासं पुढं सरकलं, आणि अध्याय वर निघून गेला.

"पाय, पळालं," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं, बोट लावू नको, बोटानंच ते पळतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग काचेकडं. बराच वेळ काही बोलली नाही.

आता ती बोट काचेला टेकवत नाही. ओळीच्या खाली, काचेपासून अर्धा बोटभर वर, हवेत धरते. हात थोडा थरथरतो. ओळ संपली की बोट तसंच हवेतून डावीकडं येतं आणि एक पायरी खाली उतरतं.